खरवईच्या बांधावर चढलेलं वजन

तुम्ही कधी एखाद्या माणसाला चारचौघांत खोटारडा ठरवलंय का... आणि तो खरं बोलत होता हे कळल्यावरही गप्प राहिलायत का?

मी राहिले. दोन महिने. भूत वाचायला आलेल्यांना आधीच सांगते — यात भूत दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही, अंधारसुद्धा नाही. जे घडलं ते सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात, माझ्या मामीच्या समोर घडलं. त्याची भीती वाटली ती दहा-पंधरा मिनिटं. लाज मात्र अजून वाटते, आणि ती त्यानंतर मी जे केलं त्याची आहे.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, असं इथे सगळेच लिहितात. माझं प्रकरण जरा पुढचं होतं. मी त्यांच्या विरोधात होते. आमचं घर अंबरनाथ पश्चिमेला. बाबा कारखान्यात फिटर. शिफ्ट संपली की ते पत्रकं लिहायचे — कामाच्या जागच्या सुरक्षेवर, नळाला येणाऱ्या पिवळ्या पाण्यावर, अंगात आणणाऱ्या बुवांवर. आमच्या घरी देव्हारा नव्हता, पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे होते. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. चौथीत 'माझी आई' या निबंधाच्या शेवटी मी 'आपली नम्र, कृती समिती' असं लिहिलं होतं, ते बाई अजून सांगतात.

बाबांचा एक नियम होता. पत्रकात कोणाचं नाव टाकायचं असेल, तर छापायच्या आधी त्या माणसाच्या दारात जाऊन ते त्याला वाचून दाखवायचं. तो शिव्या देईल, दार लावेल, काहीही करेल — पण त्याने आधी ऐकलं पाहिजे. एका ठेकेदाराने त्यांच्या अंगावर चहा फेकला होता. बाबा घरी आले, शर्ट बदलला आणि परत गेले, कारण शेवटचा परिच्छेद वाचायचा राहिला होता.

मी हा नियम मोडला. एकदाच.

माझा मामा, दत्तू मामा, बदलापूरजवळ खरवईला राहतो. त्याच्या शेताच्या तीन बाजूंना आता बिल्डिंगा आहेत आणि मधे भात. गुरं केव्हाच गेली, पण गोठा आहे. त्या गोठ्यात, ताडपत्रीखाली, अकरा वर्षं एक गाडी उभी होती. तीन चाकांची. रिक्षा नव्हे — मोटरसायकलसारखं हँडल, पुढे एक चाक, मागे दोन, आणि तिन्ही टायर फुग्यासारखे जाडजूड. चिखलात, शेतात, नदीच्या वाळूत चालवायला बनवलेली परदेशी गाडी. मामाच्या शेजारी पूर्वी एका फॅक्टरीतल्या साहेबांचा प्लॉट होता, त्यांनी ती हौसेने आणली होती. बदली झाल्यावर जाताना ती मामाला देऊन गेले. गाडी रस्त्यावर चालवायची परवानगी नाही, त्यामुळे मामा ती शेतातच वापरायचा. भाताची रोपं न्यायला, गवताचे भारे आणायला; मागचा कॅरिअर कधी रिकामा नसायचा. चालताना उड्या मारते म्हणून तिचं नाव पडलं बेडूक.

मी मेकॅनिकल डिप्लोमा केलाय आणि एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर मोजमाप हेच माझं काम. अशी गाडी ताडपत्रीखाली सडताना बघून माझा जीव तुटायचा. गेल्या वर्षी होळीला मी मामाला विचारलं, "ही बंद का पडली?"

"बंद नाय पडली गो. ठेवलीय."

"म्हणजे?"

"मिस्त्रीनी सांगितलं, चालवू नका म्हनून. मागं कोनतरी बसतंय."

"कोण बसतंय?"

"ता त्यालाच इचारायला पायजे व्हतं. मी नाय इचारला. गावात आपला सगले बोलतात, बाई हाय."

गावात खरंच सगळे बोलत होते. बाईला साडी होती, साडीला रंग होता, पायात पैंजण होते. समोरच्या कॉम्प्लेक्सचा वॉचमन, जो दोन वर्षांपूर्वी कुठूनतरी आलाय, त्यानेही मला बाईची उंची सांगितली.

मिस्त्री म्हणजे उल्हासनगरचे तोलाराम अंकल, गाडी बिघडली तेव्हा मामाने त्यांनाच बोलावलं होतं. गॅरेजच्या लाइनीत त्यांचं दुकान, आता मुलगा चालवतो. त्या काळी जनरेटर, जुनी इंजिनं, परदेशी मोटारसायकली — कोणाला न जमलेलं काम असलं की लोक त्यांच्याकडे पाठवायचे. दुकानाच्या दारात एका स्टुलावर बसून नुसत्या आवाजावरून दोष सांगणारा माणूस. मला हे ऐकून माहीत होतं. मी त्यांना कधी भेटले नव्हते.

आणि न भेटताच मी निकाल लावला. परदेशी गाडी, पार्ट मिळत नाहीत, म्हाताऱ्याला जमली नाही. नाव जायला नको म्हणून भूत पुढे केलं. अकरा वर्षं एक चांगलं मशीन आणि एक अख्खं गाव या एका माणसाच्या घमेंडीने अडकून पडलंय... हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते मोबाईलमध्ये लिहून ठेवलं.

मग सुरू झालं काम. प्रत्येक सुट्टीला खरवई. टाकीतलं पेट्रोल वाळून त्याचा डिंक झाला होता. आतला गंज काढायला मामीने चिंचेचं पाणी दिलं. त्यात मूठभर नट टाकून मी टाकी तासन् तास हलवत बसायचे. "घुसळ गो, लोनी येल," मामी म्हणायची. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी अख्खा संसार मांडला होता. टायरला भेगा होत्या, आत ट्यूब टाकून घेतल्या. सुरू करायची दोरी कुजली होती, ती एका मंडपवाल्याकडून आणली. सीट उल्हासनगरात एका जीन्स शिवणाऱ्याकडून मढवून घेतली, त्याने हौसेने बाजूला खिसासुद्धा लावून दिला. कार्ब्युरेटर सात वेळा उघडला. त्यातला छोटा जेट, म्हणजे पेट्रोल ज्यातून येतं तो बारीक भोकाचा तुकडा, कुठेच मिळेना, तेव्हा एका जुन्या स्कूटरचा जेट आणून मी कंपनीतल्या पिन गेजने त्याचं भोक मोजलं आणि सुईची उंची बदलत तो जुळवला. 

गणपतीच्या आधी आठ दिवस बेडूक सुरू झाला. दोरी ओढली, एकदा खोकला, दुसऱ्यांदा धूर, तिसऱ्यांदा लागला. मामाने हातातला चहा खाली ठेवला. मी गाडी कॉम्प्लेक्सच्या बाजूच्या मोकळ्या मैदानावर नेली आणि दहा फेऱ्या मारल्या. लोक गॅलरीत येऊन शूटिंग करत होते. कोणी मागे बसलं नाही. कोणी बसणार नव्हतंच.

इथे माझ्यासारखीने थांबायला हवं होतं. वस्तू ज्या ठिकाणी बिघडते म्हणतात, त्याच ठिकाणी तपासायची असते — हे मी रोज ट्रेनी लोकांना शिकवते. तोलाराम अंकलनी गाडी शेताच्या बांधावर चालवली होती. मी सपाट मैदानावर चालवली आणि प्रकरण मिटलं म्हणून जाहीर केलं.

जाहीर म्हणजे पत्रक काढलं. पाचशे प्रती. मथळा — 'भूत कार्ब्युरेटरमध्ये होतं'. त्यात मोबाईलमध्ये लिहून ठेवलेलं ते घमेंडीचं वाक्य होतं. आणि त्याखाली, ठळक अक्षरात, उल्हासनगरच्या तोलाराम मिस्त्रींना आमचा जाहीर सवाल — 'जेट साफ करता येत नव्हता, म्हणून बाई बसवलीत का?'

खरवईत वाटलं. बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात गणपतीच्या मंडपांबाहेर उभी राहून वाटलं. मग एका मित्राबरोबर उल्हासनगरला जाऊन गॅरेजच्या लाइनीत दुकान-दुकान वाटलं. त्यांच्या दुकानातही टाकलं. स्टुलावर एक पांढऱ्या बुशशर्टातले गृहस्थ बसले होते, त्यांनी चष्मा शोधायला खिशात हात घातला. ते चष्मा लावेपर्यंत मी पुढच्या दुकानात होते.

त्या संध्याकाळी बाबांनी पत्रक वाचलं. दोनदा.

"भाषा चांगली आहे," ते म्हणाले. "त्यांना वाचून दाखवलंस?"

"हो," मी म्हटलं.

"काय म्हणाले?"

"काही नाही."

बाबांनी मान हलवली आणि पत्रकाची घडी घालून फायलीत ठेवलं. माझ्यावर शंका घेण्याची त्यांना सवय नाही.

आता तो दिवस.

गणपती होऊन आठवडा-दीड आठवडा झाला असेल. पाऊस दोन दिवस थांबला होता, बांधावरची माती ओली पण घट्ट — पाऊल टाकलं की ठसा नीट उमटेल अशी. मामीला पलीकडच्या तुकड्यातलं गवत कापून आणायचं होतं. मी म्हटलं, बेडूक नेऊ, येताना मागच्या कॅरिअरवर भारे टाकू. मामी चालतच निघाली, हातात विळा. "मी त्या उडीवर बसनार नाय," म्हणाली. मी गाडी हळूहळू तिच्या पुढे चालवत होते. कॅरिअर रिकामा. सीटवर मी एकटी.

बांधाच्या मध्यावर एक करंजाचं झाड आहे. त्याच्या सावलीतून गाडी पुढे गेली आणि मागून बसली.

दुसरा शब्द नाही. तुम्ही स्कूटर चालवत असाल आणि मागे एखादं मोठं माणूस बसलं तर जसं कळतं, तसं. एकदा डावीकडे किंचित कललं, मग नीट झालं. इंजिनचा आवाज जड झाला. हँडल हातात हलकं झालं, म्हणजे पुढचं चाक उचलायला बघत होतं. 

मला वाटलं ट्यूब गेली. तेवढ्यात मागून मामी ओरडली, "मागं काय घेतलंस गो? टायर दबलेत."

मी गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवलं, खाली उतरले. मी उतरले तरी टायर तसेच दबलेले होते. दोन्ही. सारखे. या गाडीला मागे स्प्रिंग नाहीत, टायरचा फुगवटा हीच स्प्रिंग, त्यामुळे वजन पडलं की डोळ्यांना दिसतं. कॅरिअर रिकामा होता. मी त्याच्यावरून हात फिरवला. लोखंड उन्हाने तापलेलं, वर नुसती हवा. खिशात टायरमधली हवा मोजायचं गेज होतं, ते लावलं. सकाळी भरली होती तेवढीच हवा, डोळ्यांना दिसेल असा फरक नाही. मग मी मागची बाजू धरून उचलून बघितली. एरवी मी ती एकटी वीतभर उचलते. त्या वेळी जमिनीपासून सुटेना.

मामी शेजारी येऊन उभी राहिली. तिने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एखादी पाहुणी ताटकळत असल्यासारखी म्हणाली, "आता चल की पुढं. उभी कशाला केलीस?"

मी पळाले नाही याचं कारण धैर्य नव्हे. मामीसमोर पळायची लाज वाटली. मी परत बसले. पाठीला कसलाही स्पर्श झाला नाही, थंडावा नाही, वास नाही. फक्त वजन. पुढे ओहोळाचा उतार-चढ आहे, तिथे चढताना पुढचं चाक खरंच हवेत गेलं. मी टाकीवर पोट टेकवून पुढे झुकले म्हणून गाडी उलटी झाली नाही. चढ संपल्यावर बांध सरळ कॉम्प्लेक्सच्या कंपाउंडच्या भिंतीला जाऊन मिळतो. भिंतीपासून पाच-सहा हातांवर गाडी वर आली. टायर गोल झाले. इंजिन एकदम मोकळं होऊन मोठ्याने ओरडायला लागलं, कारण मी वजनाच्या हिशोबाने दिलेला रेस तसाच होता.

"उतरला," मामी म्हणाली, आणि गवत कापायला गेली.

मी बांधावर मागे चालत गेले आणि पट्टीने ठसे मोजले. करंजापर्यंत मागच्या चाकांचे ठसे दीड सेंटिमीटर खोल. करंजापासून भिंतीपर्यंत चार, काही ठिकाणी साडेचार. भिंतीपाशी परत दीड. माती तीच, चालवणारी तीच. फोटो काढले आहेत, पण फोटोने काय सिद्ध होतं, ते मीच इतरांना सांगत फिरायचे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दोन फेऱ्या केल्या. दोन्ही वेळा तेच झालं — करंजाशी चढलं, भिंतीशी उतरलं. तिसऱ्या फेरीला मी मामीला हातापाया पडून मागे बसवलं. त्या फेरीला काहीच झालं नाही. मामीचं वजन होतं तेवढंच, जास्त काही नाही. "जागा नव्हती ना," मामी म्हणाली. मला हसू आलं नाही.

जमीन आतून पोकळ असेल, मातीचा प्रकार बदलत असेल, चेन ताणली जात असेल, एक्सल अडकत असेल — हे सगळं मी तपासलंय. उतरल्यावरही टायर दबलेले का राहिले, याला यातलं काहीच लागू पडत नाही. पितृपक्ष चालू होता, असं मामाने नंतर सांगितलं. पण तोलाराम अंकलची फेरी मे महिन्यातली होती.

म्हणजे त्या माणसाने सांगितलेलं खरं होतं. हे मला त्याच दिवशी, बांधावर बसून, पट्टी हातात असताना कळलं. आणि मी काय केलं? गाडीवर ताडपत्री टाकली. मामीला म्हटलं, कुणाला बोलू नको. मामी म्हणाली, "मी कशाला बोलू? पत्रक तू काढलंस."

त्या पत्रकाचा फोटो तोपर्यंत बदलापूरच्या निम्म्या ग्रुपवर फिरला होता. त्यावर जोक बनले होते. माझ्या कंपनीतला एक जण उल्हासनगरहून येतो, त्याने सांगितलं की लाइनीत आता अंकलना भूतवाला म्हणतात. मुलं गाडी लावताना विचारतात, "अंकल, पीछे की सीट खाली है ना?" मी ते ऐकलं आणि डबा खाल्ला.

दिवाळीनंतर हेंद्रेपाड्यातल्या एका हॉलमध्ये व्याख्यान होतं, तरुणांनी अंधश्रद्धेवर बोलायचं. मला बोलावलं. नाही म्हणता आलं असतं. ताप आलाय म्हणता आलं असतं. मी गेले, आणि बेडकाची गोष्ट सांगितली. करंजापर्यंतची. 'जेट साफ करता येत नव्हता, म्हणून बाई बसवलीत का?' या वाक्याला हॉल हसला, टाळ्या पडल्या. बाबा तिसऱ्या रांगेत होते, तेही हसले. मी त्या वेळी जे बोलत होते ते खोटं आहे हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. आयुष्यभर ज्या बुवांना आम्ही पकडलं, ते याहून वेगळं काय करत होते, मला सांगा.

खाली उतरल्यावर चपलांपाशी एक चाळिशीचा माणूस थांबला होता.

"ताई, मी तोलारामचा मुलगा."

मी एक पाऊल मागे सरकले.

"भांडायला नाही आलो. पापा ने भेजा है. ते विचारतायत, तो जेट कुठून आणला? त्यांना तेव्हा कुठेच मिळाला नव्हता. तीन महिने शोधत होते."

"दुकानात भेटतील का?" मी कसंबसं विचारलं.

"दुकानात आता नाही बसत. मीच बोललो, घरी बसा. कस्टमर हसतात, मला ऐकवत नाही." मग म्हणाला, "वो स्टूल मैंने अंदर रख दिया."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. तिसरा मजला, लहानसं घर, खिडकीत तुळस. अंकल तोच पांढरा बुशशर्ट घालून बसले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"पहले जेट. स्कूटरचा घातला?"

"हो."

"भोक मोठं केलं?"

"नाही, लहान होतं तेच ठेवलं, सुई एक खाच वर घेतली."

"वा." ते खरंच खूश झाले. "हे मला सुचलं नाही. मैं साला बाहर ढूंढता रहा. पण तू पत्रकात लिहिलंस ना, जेट साफ करता आला नाही म्हणून. बेटा, मी तेव्हा गाडी चालू केली होती. जुन्याच जेटमध्ये तार घालून. चालू केल्याशिवाय मी बांधावर कसा गेलो असतो?"

हा प्रश्न मला पत्रक लिहिताना पडायला हवा होता. एवढा साधा प्रश्न.

"अंकल, तुम्ही भूत म्हणालात असं गावात..."

"मैंने भूत कब बोला? वजन बोला, वजन. तुझ्या मामाला सांगितलं, मागे वजन येतं ते माझ्या समजुतीत येत नाही. जब तक समझ में नहीं आता, इस पे आदमी मत बिठाओ. चढावर पुढचं चाक उठेल, गाडी अंगावर येईल, माणूस मरेल. मी बेअरिंग बघितलं, हवा बघितली, तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा तेच. बाई मी नाही बसवली. बाई गावाने बसवली."

मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"तुलाही आलं. कुठे? झाडापाशी?"

"करंजाशी," मी म्हटलं. आणि मग रडले. त्यांच्या सूनबाईंनी पाणी आणून दिलं, जिच्या घरातल्या माणसाला मी बाजारात नागडं केलं होतं, त्या बाईने.

"और उतरा किधर?"

"भिंतीशी."

"तेव्हा भिंत नव्हती," अंकल म्हणाले. "तिथून पायवाट होती, गावाच्या विहिरीकडे. गाडी मागून तिथेच हलकी व्हायची." ते बराच वेळ विचार करत राहिले. घाबरल्यासारखे नाही, एखादा अवघड आवाज ऐकत असल्यासारखे. "समझ में नहीं आया. आज भी नहीं आया. तुला आलं?"

"नाही."

"तो बस. दोघांना नाही आलं, एवढंच लिहायचं."

बांधावर जाऊन आलेली दोन माणसं त्या घरात होती. एकाने मोजलं, खात्री केली, आणि समजत नाही असं सरळ सांगितलं. दुसरीने गावगप्पा पुरावा म्हणून छापल्या. विज्ञानाचं नाव घेऊन फिरणारी मी होते.

मी म्हटलं, दुसरं पत्रक काढते, माफीचं. दुकानात येऊन बसा, मी लाइनीत सगळ्यांसमोर सांगते. त्यांनी मान हलवली. "आता मी जाणार नाही. जिथे हसले तिथे स्वतः जाऊन कसा बसू? लोकांनी विचारलं तर गोष्ट वेगळी."

त्या रात्री बाबांना सगळं सांगितलं. बांधावरचं आणि 'हो' म्हटलेलंही. बांधावरचं त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, ठशांचे आकडे पुन्हा विचारले. 'हो'चं ऐकल्यावर त्यांनी फायलीतून ते पत्रक बाहेर काढलं. सकाळी उठून बघितलं तर शर्ट घालून बसले होते. "चल, त्यांच्याकडे जाऊ," म्हणाले. "मीही हसलो होतो हॉलमध्ये." त्या दिवशीपासून दर रविवारी दोघं म्हातारे तिथे चहा पितात आणि करंजापाशी काय असेल यावर भांडतात. बाबा म्हणतात जमिनीत काहीतरी आहे. अंकल म्हणतात, फिटर साहेब, जमीन गाडीच्या वर बसत नाही.

हे सगळं लिहून मी अंकलना वाचून दाखवलं आहे. त्यांनी दोन ठिकाणी थांबवलं. मी हवेचा दाब लिहिला होता, तो चुकीचा होता, काढून टाकला. आणि त्यांना 'बिचारे' म्हटलं होतं, ते काढायला लावलं. माझं नाव मात्र राहू दे, म्हणाले.

बेडूक पुन्हा ताडपत्रीखाली आहे. करंजाशी काय चढतं आणि जिथे आता भिंत आहे तिथे काय उतरतं, हे मला माहीत नाही. कोणाला शास्त्रीय कारण सुचत असेल तर जरूर सांगा, मी परत मोजायला तयार आहे.

पण त्याआधी एक काम करा. ज्या ग्रुपवर तुम्हाला 'भूत कार्ब्युरेटरमध्ये होतं' आलं होतं, त्याच ग्रुपवर हे टाका, पूर्ण. आणि तुम्ही उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर भागात असाल आणि घरात एखादं मशीन कोणालाच न जमल्यामुळे पडून असेल — पंप, जनरेटर, जुनी गाडी, काहीही — तर गॅरेजच्या लाइनीत तोलाराम अंकलच्या दुकानात घेऊन जा. मुलगा बघतो म्हणेल. त्याला सांगा, नको, अंकलनाच दाखवायचं आहे, त्यांना बोलवा, आम्ही थांबतो. जरा मोठ्याने सांगा, बाजूच्या दुकानांत ऐकू जाईल असं. आणि ते येईपर्यंत खरंच थांबा.